२०१ मिनिटं आणि तीन पडदे: डिसेंबर २०२३ मधल्या एका वेळापत्रकाचा प्रकरण अभ्यास

१ डिसेंबर २०२३ च्या शुक्रवारी दोन मोठे हिंदी चित्रपट एकदमच लागले. ‘अ‍ॅनिमल’ २०१ मिनिटांचा, म्हणजे तीन तास एकवीस मिनिटं. ‘सॅम बहादुर’ अडीच तासांचा. आठवडाभर आधी, २४ नोव्हेंबरला आलेला ‘झिम्मा २’ दुसऱ्या आठवड्यात शिरत होता. तिघांचा प्रेक्षक वेगळा आणि तिघांनाही संध्याकाळ हवी.

या प्रकरणातलं थिएटर कागदावरचं आहे. सिंहगड रस्त्याच्या बाजूला, तीन पडद्यांचं, मोठ्या साखळीत नसलेलं. ऑडी १ मध्ये ३०० खुर्च्या, ऑडी २ मध्ये २२०, ऑडी ३ मध्ये १४०. चित्रपट, तारखा आणि लांबी खरी. खुर्च्या, दर आणि गर्दीचे अंदाज मी धरलेले. ‘झिम्मा २’ साठी हिशेबाला १४० मिनिटं घेतली आहेत. असं थिएटर पुण्यात शोधायला फार लांब जावं लागणार नाही.

प्रश्न साधा दिसतो: कोणाला किती शो? तो साधा राहत नाही, कारण वितरक शो मोजतात आणि थिएटरकडे मिनिटं असतात.

पहिला शो सकाळी ९ ला आणि शेवटचा रात्री १ पर्यंत सुटला पाहिजे, असं धरू. म्हणजे एका पडद्याला ९६० मिनिटं. चित्रपटाच्या लांबीत जाहिराती आणि ट्रेलरची १२ मिनिटं, मध्यंतराची १५ आणि साफसफाईची १५ मिळवायची. ‘अ‍ॅनिमल’चा एक शो असा २४३ मिनिटं पडदा अडवतो, ‘सॅम बहादुर’चा १९२ आणि ‘झिम्मा २’ चा १८२.

या बेरजेत जाहिरातींना हात लावता येतो, पण ते पैसे आधीच घेतलेले असतात. मध्यंतराला कोणी हात लावत नाही. समोसा, पॉपकॉर्न आणि चहावरच थिएटरचा खरा नफा असतो. हॉलिवूडचा चित्रपट सलग दाखवायला बनवलेला असला, तरी आपल्याकडे मधेच कुठेतरी कापून इंटरव्हल लावतात, ते याच पायी. उरली साफसफाई. नव्या मॅनेजरला सगळ्यात आधी तिथेच काटछाट सुचते. पण शो सुटला की पहिली पाच मिनिटं लोक बाहेर पडण्यात जातात. नाव-श्रेय संपेपर्यंत बसणारे दोघं-चौघं असतातच. मग चार जण शेवटच्या रांगेपासून खाली उतरत येतात. कप खुर्चीच्या खाचेत अडकलेले, कॅरमलचं पॉपकॉर्न गालिच्याला चिकटलेलं, आणि कुठल्यातरी खुर्चीखाली हेल्मेट. (पुण्यात हेल्मेट विसरायला आधी घालणारा माणूस लागतो, पण निघतं खरं.) तीन तास वीस मिनिटांच्या चित्रपटाला माणसं जास्त खातात, म्हणून कचराही जास्त. पंधरा मिनिटांत हे उरकतं, दहात उरकत नाही. आणि एका शोला झालेला उशीर रात्रीपर्यंत पुढे ढकलत जातो.

आता या चौकटीचा गुण पाहा. शेवटच्या शोनंतरची सफाई ९६० मिनिटांत धरायची नाही, ती रात्री १ नंतर झाली तरी चालते. मग एका पडद्यावर दिवसात सहा शो बसवायचे तर चित्रपट १२० मिनिटांपर्यंतचा हवा. पाच बसवायचे तर १५३ पर्यंतचा. चार बसवायचे तर २०१ पर्यंतचा. ‘अ‍ॅनिमल’ त्या कडेवर अगदी नेमका उभा आहे. कागदावर त्याचा चौथा शो १२:५७ ला सुटतो. सुरुवातीच्या वेळा पाच-पाच मिनिटांच्या घरात बसवल्या की १:०३. चार मिनिटांनी आणखी लांब असता, तर रात्री सव्वा वाजून गेला असता.

म्हणजे मिनिटांची किंमत सरळ रेषेत वाढत नाही, पायऱ्यांनी वाढते. १७५ मिनिटांचा चित्रपट १६० चा केला तर या थिएटरला काडीचा फायदा नाही, दोन्हीकडे चारच शो. १६० चा १५३ केला तर मात्र एक अख्खा शो मिळतो. ‘कात्री लावा, शो वाढतील’ असं निर्मात्याला सांगताना कुठल्या पायरीच्या कुठल्या बाजूला आहोत, हे आधी पाहायला हवं. प्रत्येक थिएटरच्या पायऱ्या थोड्या इकडेतिकडे असतात: कोणी सकाळी ८ ला उघडतं, कोणी वीस मिनिटं जाहिराती दाखवतं. तत्त्व तेच.

जुन्या एकपडदा थिएटरांत ही पायरी एकच होती. बारा, तीन, सहा, नऊ. खेळ तीन तासांत आटोपायचा, त्यातच मध्यंतर आणि आधीचं न्यूज रीळ. सकाळच्या मॅटिनीला वेगळाच चित्रपट. ‘संगम’ किंवा ‘मेरा नाम जोकर’सारखा दोन मध्यंतरांचा चित्रपट आला की थिएटरवाल्याला अख्खा दिवस नव्याने आखावा लागे. मल्टिप्लेक्सने हा साचा मोडला. आता वेळ १२:०५ आणि ३:२० अशी कशीही असते. सोय झाली, पण भांडणाला जागाही झाली. बारा-तीन-सहा-नऊमध्ये एका पडद्याला एक चित्रपट असायचा, आता एकाच पडद्यावर तीन असतात.

गुरुवारी दुपारी थिएटरने केलेला पहिला मसुदा असा:

ऑडी १: ‘अ‍ॅनिमल’ ९:००, १:०५, ५:१०, ९:१५.
ऑडी २: ‘सॅम बहादुर’ ९:००; ‘अ‍ॅनिमल’ १२:१५, ४:२०, ८:२५.
ऑडी ३: ‘झिम्मा २’ ९:००, ‘सॅम बहादुर’ १२:०५, ३:२०, ‘झिम्मा २’ ६:३५, ‘सॅम बहादुर’ ९:४०.

एकूण १३ शो. ‘अ‍ॅनिमल’ सात, ‘सॅम’ चार, ‘झिम्मा’ दोन. ऑडी २ मध्ये सकाळी ‘सॅम’ ठेवण्यात एक हिशेब आहे. दोन्ही मोठ्या पडद्यांवर ‘अ‍ॅनिमल’ एकाच वेळी सुरू केला, तर ५२० माणसं एकदम बाहेर आणि ५२० एकदम आत. तळघरातल्या पार्किंगच्या उतारावर टू-व्हीलर वर येणार आणि खाली जाणार एकाच वेळी, वर सिंहगड रस्त्यावर तेव्हा उड्डाणपुलाचं काम सुरू. शिवाय मध्यंतरही एकत्र पडणार. पंधरा मिनिटांत ५२० जणांना खाऊ घालणारा काउंटर या थिएटरकडे नाही. सकाळी आधी ‘सॅम’ घातल्याने ऑडी २ मधले ‘अ‍ॅनिमल’चे शो ऑडी १ पेक्षा पन्नास मिनिटं आधी सुरू होतात आणि ही कोंडी फुटते. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, शहरात लष्कराच्या दक्षिण मुख्यालयाचं ठाणं. माणेकशांवरच्या चित्रपटाला सकाळी नऊलाही निवृत्तांचा प्रेक्षक मिळेल, असा हा अंदाज.

वितरकाकडून उत्तर आलं: सात नाही, आठ. आठवा संध्याकाळी, ऑडी ३ ला.

आठवा शो ६:३५ ला घातला तर ‘झिम्मा’चा संध्याकाळचा शो जातो, हे उघड आहे. पण ‘अ‍ॅनिमल’ १०:२३ ला सुटतो, सफाई १०:३८ ला संपते, आणि १०:४० ला ‘सॅम’ सुरू केला तर तो रात्री १:३७ ला सुटेल. म्हणजे ९:४० चा ‘सॅम’ही गेला. एक शो घेतला, दोन गेले. एकूण बारा उरले. ‘झिम्मा’कडे फक्त सकाळचा ९ चा.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा इथे आहे. लांब चित्रपटाला शो कमी मिळतात, असं सगळे म्हणतात. शो कमी बसतात, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात ज्याच्या मागे गर्दी आहे, तो आपला आकडा खाली येऊ देत नाही. त्याच्या जास्तीच्या मिनिटांची किंमत शेजारचा चित्रपट भरतो. ‘अ‍ॅनिमल’ दीडशे मिनिटांचा असता, तर तिन्ही पडद्यांवर पाच-पाच शो बसले असते. आठ त्याला देऊनही इतरांना सात उरले असते. इथे चार उरले.

मराठीच्या बाबतीत यात आणखी एक अट शिरते. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये मराठीला प्राइम टाइम देण्याचा आग्रह धरला. सुरुवातीला संध्याकाळी ६ ते ९ म्हटलं गेलं आणि तडजोडीअंती दुपारी १२ ते रात्री ९ ही वेळ ठरली. नऊ तासांच्या प्राइम टाइममध्ये काय प्राइम उरतं, हा वेगळा विषय. सकाळचा ९ मात्र त्यातही बसत नाही. म्हणून वितरकाच्या मसुद्यात ‘झिम्मा’ आणि ‘सॅम’ यांची अदलाबदल करून ‘झिम्मा’ १२:१५ ला आणायचा. कागद सरळ झाला. आणि खरं सांगायचं तर ‘झिम्मा’ला मंगळवारचा १२:१५ अगदीच वाईट नाही. मैत्रिणींचा गट, सोसायटीतली भिशी, निवृत्त मावश्या, सगळ्यांना ही वेळ सोयीची. शो सुटला की तीनला बाहेर, कुठेतरी कॉफी, सहाच्या आत घरी. नोकरी करणाऱ्या बायकांना मात्र शनिवार-रविवारची संध्याकाळच लागते, आणि नेमकी तीच मागितली जात होती.

आता पैशांचं पाहू. २००९ मध्ये निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला होता. त्यानंतर हिंदीसाठी वाटणी ठरली: पहिल्या आठवड्यात वितरकाला ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, पुढे ३०. आठवडे सरतात तसा थिएटरचा वाटा वाढतो. पहिल्या तीन दिवसांत शोसाठी इतकी ओढाताण का होते, याचं निम्मं उत्तर या उतरत्या टक्केवारीत आहे.

‘अ‍ॅनिमल’चं तिकीट २५० रुपये धरा. १८ टक्के जीएसटी वगळला की २११ रुपये ८६ पैसे, त्यातले निम्मे म्हणजे १०६ रुपये थिएटरचे. ‘झिम्मा’चं तिकीट २०० रुपये, जीएसटी वगळून १६९ रुपये ४९ पैसे, त्यालाही अशीच उतरती टक्केवारी धरली, तर दुसऱ्या आठवड्याच्या ५७.५ टक्क्यांनी थिएटरला साडेसत्त्याण्णव. ग्राहकाला फरक पन्नास रुपयांचा दिसतो, थिएटरच्या हाती तो साडेआठ रुपयांचा. ‘सॅम’ही २०० रुपयांत, पण पहिलाच आठवडा, म्हणून पावणेपंच्याऐंशी.

शनिवारी आठवा ‘अ‍ॅनिमल’ हाऊसफुल झाला तर १४० तिकिटांचे थिएटरला सुमारे १४,८०० रुपये. त्याऐवजी ‘झिम्मा’ला ९५ आणि रात्रीच्या ‘सॅम’ला ८० माणसं आली तर ९,२५० अधिक ६,८००, म्हणजे सुमारे १६,०००. हाऊसफुलचा बोर्ड लावूनही बाराशे रुपये कमी! शिवाय मध्यंतर एकाऐवजी दोन, आणि काउंटरवर १४० ऐवजी १७५ माणसं. ‘झिम्मा’चा गट तर चहा-समोशाच्या बाबतीत हात आखडता घेत नाही.

हा हिशेब गर्दीच्या अंदाजावर उभा आहे, हे खरं. ‘झिम्मा’ला ९५ ऐवजी ७० आले तर बाराशेचा फायदा बाराशेच्या तोट्यात जातो. आणि वितरक हे गणित ऐकायला बसलेला नसतो. त्याला देशभरातली शोची बेरीज दाखवायची असते, ती जाहिरातीत येते. पुढचा मोठा चित्रपटही बहुतेक त्याच्याकडूनच यायचा असतो, आणि तीन पडद्यांच्या थिएटरवाल्याला फोन ठेवताना हे आठवतं. मोठ्या साखळीचा माणूस शेकडो पडद्यांच्या जोरावर ‘नाही’ म्हणू शकतो, याच्याकडे तीनच आहेत.

मग तोडगा काय निघाला? थिएटर शनिवार-रविवारी ऑडी ३ एक तास आधी उघडेल. सकाळी ८ ला ‘अ‍ॅनिमल’, तो सफाईसकट १२:०३ ला मोकळा. मग १२:०५ ‘झिम्मा’, ३:१० ‘सॅम’, ६:२५ ‘झिम्मा’, ९:३० ‘सॅम’, आणि १२:२७ ला दिवस संपला. ‘अ‍ॅनिमल’ आठ, ‘सॅम’ तीन, ‘झिम्मा’ दोन. एकूण पुन्हा तेरा. वितरकाला आठचा आकडा मिळाला, ‘झिम्मा’ला सकाळच्या ९ ऐवजी दुपारचा १२:०५ मिळून संध्याकाळही टिकली. किंमत दोघांनी मोजली: ‘सॅम’ने एक शो, आणि सात वाजता कामावर येणाऱ्या चौघांनी झोप. ‘अ‍ॅनिमल’ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र होतं, तेव्हा दारावरच्या माणसाला सकाळी पावणेआठला कॉलेजच्या पोरांची ओळखपत्रं तपासत उभं राहायचं होतं. डिसेंबरच्या थंडीत त्या वेळी सिंहगडावर जाणारेच रस्त्यावर असतात, पण नव्या चित्रपटाच्या पहिल्या शनिवारी १४० खुर्च्या भरायला तेवढी पोरं मिळतात.

दुसरा मार्ग रात्रीचा होता. त्या आठवड्यात मुंबईत काही थिएटरांनी मध्यरात्रीनंतरचे शो लावले. इथे तो नाकारला, आणि मला ते पटतं. रात्री ११:२० चा शो तीन वाजता सुटतो. सिंहगड रस्त्यावर मेट्रो नाही, त्या वेळी पीएमपीच्या बसची आशा कोणी धरत नाही, आणि सकाळी नऊच्या शोला तेच कर्मचारी लागतात.

सोमवार ते गुरुवार पहिला मसुदा चालवायचा, सात-चार-दोन. ‘अ‍ॅनिमल’ची गर्दी सोमवारीही ओसरली नव्हती, तेव्हा वितरकाने पुन्हा आठ मागितले असते तर त्याच्या बाजूनेही मुद्दा होता. पण आठवड्याच्या दिवशी सकाळी ८ ला कोणी येत नाही आणि संध्याकाळचं गणित वर मांडलं तसंच राहतं.

आता हीच चौकट निर्मात्याच्या टेबलावर ठेवून पाहा; बरेच निर्णय वेगळे दिसू लागतात.

२०१७ चा ‘जस्टिस लीग’ दोन तासांच्या आत बसवण्याचा आदेश वॉर्नरच्या वरच्या मजल्यावरून आला होता, असं तेव्हा सर्वत्र छापून आलं. चित्रपट आला तो १२० मिनिटांचा. आपल्या थिएटरच्या पायऱ्यांवर तो बरोबर सहा शोंच्या कडेला बसतो. कथेचं काय झालं ते पाहणाऱ्यांनी पाहिलं, आणि २०२१ मध्ये तोच ऐवज चार तासांच्या रूपात घरी दाखवला गेला. घरी सफाईचा वेळ धरावा लागत नाही.

‘गँग्ज ऑफ वासेपूर’ पाच तासांहून लांब होता. एवढ्या लांबीला आपल्या पडद्यावर दिवसात दोनच शो बसतात. २०१२ मध्ये तो जून आणि ऑगस्टमध्ये दोन भागांत लावला, एकेक भाग दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास, आणि प्रत्येकाला चार-चार शोंची जागा झाली. शिवाय तिकीट दोनदा.

‘इंडियन २’ चं उदाहरण उलट आहे. जुलै २०२४ मध्ये तो तीन तासांचा लागला आणि लगेच १२ मिनिटं कापली गेली. १८० असो की १६८, शो चारच. त्या कात्रीने वेळापत्रकात काहीही हललं नसतं. ती लोकांच्या तोंडी जे चाललं होतं त्याला दिलेलं उत्तर होती. अशा कात्रीचा उपयोग फारसा होत नाही, कारण लांबीची तक्रार करणारा प्रेक्षक बहुधा कंटाळ्याची तक्रार करत असतो. ‘पुष्पा २’ ने तर जानेवारी २०२५ मध्ये वीस मिनिटं वाढवली. २०० ची २२० मिनिटं म्हणजे आपल्या चौकटीत चारावरून तीन शोंवर घसरण. पण सहा आठवडे झालेल्या चित्रपटाला तसाही दिवसात एखाद-दुसराच शो असतो. तिथे लांबी फुकट असते, आणि पुन्हा तिकीट काढायला एक निमित्त मिळतं.

‘अ‍ॅनिमल’ का कापला नाही, हेही यातून उलगडतं. १५३ च्या आत आणायचा तर पाऊण तास कापावा लागला असता. त्याहून कमी कापून या थिएटरात एकही शो वाढला नसता. आणि ॲडव्हान्स बुकिंग असं असताना, शेजाऱ्यांचे शो घेऊन आकडा गाठता येतच होता.

२१ डिसेंबरला ‘डंकी’ आला, १६१ मिनिटांचा. २२ ला ‘सलार’, १७५ चा. दोघेही चार शोंच्याच पायरीवर, आणि दोघांमधल्या शोवाटपाचा वाद थेट बातम्यांत गेला. आपल्या कागदी थिएटरात तेव्हा ऑडी १ आणि २ एकेकाला गेले. ‘अ‍ॅनिमल’ चौथ्या आठवड्यात, थिएटरचा वाटा आता ७० टक्के, त्यामुळे तो उतरवायचं मॅनेजरच्या मनात नव्हतं. पण ऑडी ३ मध्ये त्याचे २४३ मिनिटांचे दोन शो लावले की ‘सॅम’साठी दोन उरतात आणि मराठीसाठी एकही उरत नाही. ‘अ‍ॅनिमल’ला एकच शो दिला, रात्री ९:१५ चा.